सेल्फ मारला, इंजिन हललंच नाही

किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.

शुगर लँडमधल्या आमच्या गॅरेजमध्ये बाबा उघड्या बॉनेटपाशी उभे होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत गेली. सहा महिन्यांसाठी ते आमच्याकडे आले, तेव्हा माझ्या वीस वर्षं जुन्या, तेल पिणाऱ्या गाडीचं इंजिन घरीच बांधायचं ठरलं. सात आठवडे शनिवार-रविवार आम्ही तेच केलं. इंजिन उतरवलं, खोललं, रिंगा आणि बेअरिंगं बदलली, परत बसवलं. आता त्यांच्या परतीच्या विमानाला चार दिवस उरले होते.

“बेअरिंग आवळलं गेलं असणार,” बाबा म्हणाले. “माझ्याच हातून झालं. पूर्वीसारखे हात राहिले नाहीत गं. उतरव परत.”

चार दिवसांत इंजिन पुन्हा खोलून बांधणं शक्य नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे बाबा ती खंत घेऊन विमानात बसले असते. म्हटलं, आधी मोजू, मग खोलू.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही, तर दोष पेट्रोल, ठिणगी किंवा टायमिंगमध्ये शोधायचा. इंजिन फिरतच नसेल, तर पेट्रोलचा संबंध नाही. मग मुख्य शक्यता दोन: इंजिन आतून जाम आहे, किंवा सेल्फला पुरेशी वीज मिळत नाही. दोन्ही वेगवेगळ्या तपासता येतात.

पहिली तपासणी हातानं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची वायर सोडवलेली. चारही स्पार्क प्लग काढले, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला आणि बाबांनी इंजिन सावकाश फिरवलं. फोर-स्ट्रोक इंजिनचं एक चक्र पूर्ण व्हायला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात, म्हणून दोन पूर्ण फेऱ्या. कुठेही अडलं नाही. प्लग काढण्याला आणखी एक कारण आहे. सिलिंडरमध्ये पाणी किंवा तेल साचलं असेल, तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो. २०१७ मध्ये हार्वी वादळाचं पाणी ह्यूस्टनच्या परिसरात शिरलं, तेव्हा पुरात बुडालेल्या गाड्यांना हाच धोका होता. आमच्या प्लगच्या भोकांतून काही बाहेर आलं नाही.

म्हणजे बेअरिंग निर्दोष. पण बाबांचा चेहरा काही बदलला नाही.

आता वीज. बॅटरी मोजली: १२.६ व्होल्ट, पूर्ण भरलेली. सेल्फची मोठी वायर जागेवर. बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिन यांच्यात मल्टिमीटर लावला, तर तो ‘पीं’ करून वाजला. जोडणी आहे! मी गोंधळले.

तेव्हा बाबा म्हणाले, “हेडलाइट लाव आणि सेल्फ मार.”

टक् झालं, दिवे किंचित मंदावले, पण विझायला आले नाहीत. बॅटरी उतरलेली असती, तर दिवे पार मलूल झाले असते. दिव्यांची अर्थिंग गाडीच्या बॉडीतून होते, सेल्फची इंजिनाच्या धातूतून. म्हणजे बॅटरीत दम होता, पण तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता. त्याच वेळी बाबांनी नाक वर केलं. “रंग जळल्याचा वास येतोय का?”

इथे ओहमचा नियम कामाला येतो. सोयीचे आकडे धरू. बॅटरीचा आतला रोध ०.०१ ओहम, थांबलेल्या सेल्फचा ०.०२. एकूण ०.०३, म्हणून पहिल्या क्षणी प्रवाह १२.६ ÷ ०.०३ = ४२० अँपिअर. हाच जोरदार धक्का इंजिनाला जागचं हलवतो. कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटर बनवणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांनी हेच हेरलं होतं: मोटर थोडाच वेळ चालवायची असेल, तर ती लहान असूनही तिच्याकडून खूप जोर काढून घेता येतो. त्यांचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे.

आता एका सांध्यात फक्त ०.०६ ओहम वाढवा. एकूण ०.०९, प्रवाह १४० अँपिअर. त्या सांध्यावरच ८.४ व्होल्ट खर्च होतात आणि सेल्फला उरतात जेमतेम २.८. सोलेनॉइड ओढला जाऊन टक् होतं, मोटर फिरत नाही. त्या बोल्टपाशी १४० × १४० × ०.०६, म्हणजे सुमारे १,२०० वॉट उष्णता तयार होते. ती एका इस्त्रीएवढी. म्हणून किल्ली धरून ठेवायची नसते.

आणि मल्टिमीटर? त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.०६ पेक्षा जास्त असतो. शिवाय तपासताना तो अगदी क्षीण प्रवाह सोडतो. दोन-चार तारांच्या टोकांवर टिकलेला सांधाही त्या परीक्षेत पास होतो. सांध्याची परीक्षा त्याच्यावर खरा भार असतानाच घ्यायची.

म्हणून पुढचं मोजमाप भाराखाली केलं. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकावर, लाल वायर इंजिनाच्या उघड्या धातूवर, मीटर व्होल्टवर. मी क्षणभर किल्ली फिरवली, बाबांनी आकडा वाचला. तिथे साधारण ०.२ व्होल्टच्या आत असायला हवं. बाबा म्हणाले, “आठच्या वर गेला गं.”

आता शोधायचा तो फक्त सांधा. जाड अर्थिंगची वायर गिअरबॉक्सच्या ज्या कंसाला बोल्टनं आवळली होती, तो कंस काळ्या रंगानं चकाकत होता. तो मीच रंगवला होता, बाबा जेवायला गेले असताना, दोन हात देऊन. धातूंवरचे लेप हा माझ्या प्रयोगशाळेतला रोजचा विषय. रंग वीज अडवतो, हे मला कोणी सांगायला नको होतं. बोल्टच्या आट्यांतून जेवढा धातू धातूला टेकत होता, तेवढ्यावर सगळा भार आला होता.

बोल्ट काढला. वॉशर बसतो तेवढी जागा सँडपेपरनं घासून चकचकीत केली, वायरचं टोकही घासलं, आवळलं. पुन्हा मोजलं: ०.१ व्होल्ट.

बाबांना किल्ली दिली. इंजिन फिरलं, तिसऱ्या फेरीला पेटलं आणि गॅरेजभर घरघर पसरली.

“चूक माझी होती, बाबा,” मी म्हटलं. “तुमचं बेअरिंग ठीक आहे.”

त्यांनी उत्तर दिलं नाही. मान तिरकी करून बराच वेळ आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, “टॅपेट जरा वाजतंय. गरम झाल्यावर बघू.”

मी दहाचा पाना शोधायला गेले. चार दिवस होते अजून.