‘उर्वरित’ महाराष्ट्र आणि साक्षरता

महाराष्ट्रातील प्रादेशिक विषमतेचा विचार विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र या त्रयीतूनच होत आला आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मधील हीच विभागणी १९९४ साली स्थापन झालेल्या विकास मंडळांना आधारभूत होती. पैकी ‘उर्वरित’ हे विशेषण प्रदेशाचे काहीच वर्णन करीत नाही. वजा जाता राहिलेले, एवढाच त्याचा अर्थ. २०११ च्या जनगणनेत राज्यात सर्वाधिक साक्षर ठरलेला मुंबई उपनगर जिल्हा (सुमारे ९० टक्के) आणि सर्वांत मागे राहिलेला नंदुरबार (सुमारे ६४ टक्के) हे दोन्ही याच एका पदाखाली येतात. सरासरी काढताच नंदुरबार दिसेनासा होतो. शिवाय तेथील बहुसंख्य आदिवासी मुलांची घरची बोली भिल्ली गटातील, तर शाळेची भाषा प्रमाण मराठी. हे अंतर शाळाखोल्यांच्या संख्येवरून कळावयाचे नाही.