शंभर गोळे, एक ओव्हन आणि पहिली पंगत

वीस-बावीस माणसं जेवायला येणार असली की घरातलं एक माणूस हमखास पार्टीतून गायब होतं. कुठे? गॅससमोर! बाहेर गप्पा रंगतात, क्रिकेट चालू असतं, कुणीतरी जुने अल्बम काढतं आणि आतून फक्त आवाज येतो, ‘गरम आहेत, पटापट घ्या रे!’ कबाब असोत, वडे असोत की कटलेट, कढईत एका वेळी मावतात दहा. शंभर करायचे म्हणजे दहा घाणे आणि तासभर उभं राहणं. तळणाऱ्या व्यक्तीचं पोट तोवर तेलाच्या वासानेच भरलेलं असतं.

माझं ऑफिस पुण्यात, घर धाराशिवला. भाऊबीज झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे सगळं गणगोत जमतं. मेनू वर्षानुवर्षं तोच. मटण, रस्सा, भाकरी. मटणाचं पातेलं मागच्या अंगणात काका मंडळी सांभाळणार आणि भाकऱ्या थापणार आई आणि काकू. कौतुक अर्थातच मटणाचं! ज्वारीची भाकरी तव्यावरून ताटातच आली पाहिजे, असा आमच्याकडे सगळ्यांचा हट्ट. त्यामुळे थापणाऱ्या दोघी बसतात शेवटच्या पंगतीला. तोपर्यंत पातेल्यात रस्सा भरपूर असतो, मटण मात्र पळीने शोधावं लागतं.

म्हणून गेली तीन वर्षं त्या रविवारचा संध्याकाळचा मेनू मी हायजॅक केलाय. खिम्याचे गोळे, ओव्हनमध्ये भाजलेले, वरून गूळ-चिंचेचा झणझणीत बार्बेक्यू सॉस आणि सोबत बेकरीचे पाव. नो भाकरी! पहिल्या वर्षी काकूंनी संशयाने विचारलं होतं, ‘ह्याला भाकरी लागतच न्हाई व्हय गं?’ नाही लागत, काकू. बसा.

नाव बदललं, शेळी तीच

बार्बेक्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कॉर्पोरेट पार्टीतल्या टेबलावरची शेगडी येते. मूळ शब्द मात्र कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. विस्तवावर रचलेल्या काटक्यांच्या मचाणाला ते जे म्हणायचे, ते स्पॅनिश लोकांच्या तोंडून जगभर गेलं. कोफ्ता हा शब्द फारसीतला, अर्थ ‘कुटलेला’. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे कोफ्ता आम्हाला मेनूकार्डावर वाचून कळलेला नाही. त्याच्याही आधीची गोष्ट हवी असेल, तर उमरग्याच्या पलीकडे, आता कर्नाटकात असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांकडे जा. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मांस कुटून, मसाला लावून, त्याचे गोळे करण्याची कृती आहे. तेव्हा ‘हे काय फॉरेनचं खूळ’ म्हणणाऱ्या काकांना हे ऐकवायला हरकत नाही. मी ऐकवलं.

आणि मटणाचं म्हणाल, तर आमच्या जिल्ह्याचा ब्रँडच मुळात शेळी आहे! उस्मानाबादी शेळी. बहुतेक काळीभोर, लोंबत्या कानांची, कमी पाण्यात आणि कोरड्या माळावर तग धरणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी. २०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पण शेळी बाजारात अजून उस्मानाबादीच आहे. महाराष्ट्रभर शेळीपालन करणारे तिला याच नावाने ओळखतात.

आमच्याकडे गर्दीचं जेवण म्हणजे कंदुरी. नवस फेडायला बोकड कापायचं, मग तो नवस देवाला बोललेला असो की दर्ग्याला, आणि भावकीपासून शेजारपाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना जेवायला बोलवायचं. त्या गर्दीत मटण पुरतं ते रश्श्याच्या जोरावर. खिम्याच्या गोळ्यांना रश्श्याचा आधार नसतो. इथे पुरवायला आणि मऊ ठेवायला दुसरं काहीतरी लागतं.

कारण शेळीचं मांस तसं सडसडीत. परदेशी रेसिपीतले मीटबॉल्स गाय किंवा डुकराच्या चरबीदार खिम्याचे असतात, त्यामुळे ते ओव्हनमध्ये आपोआप रसदार राहतात. तीच रेसिपी बकऱ्याच्या खिम्याला लावली, तर हातात येतात गोट्या. खेळायच्या! म्हणून दुकानात नुसतं ‘खिमा द्या’ म्हणू नका. खांद्याचं आणि मांडीचं मांस निम्मं-निम्मं घ्या आणि किलोमागे शे-दीडशे ग्रॅम चरबी त्यातच घालून मशीनमधून दोनदा काढायला सांगा. वीस माणसांना अडीच किलो खिमा पुरतो, त्यात लिंबाएवढे शंभरेक गोळे होतात. पाहुण्यांमध्ये फक्त हलाल खाणारं कुणी असेल, तर खिमा घेण्याआधीच विचारून तसं दुकान गाठा. नंतर ताटापाशी ओशाळं व्हायला नको.

येसरची कमाल

आता माझा लाडका मुद्दा. गोळा फुटू नये आणि कोरडाही होऊ नये, म्हणून इंग्रजी पुस्तकं सांगतात दुधात भिजवलेला ब्रेड. आपल्याकडे बरेच जण फुटाण्याच्या डाळ्यांचं पीठ घालतात, तेही छान. पण मराठवाड्यातल्या घरात याहून भारी चीज डब्यात पडून असते, ती म्हणजे येसर. लग्नाच्या पंगतीतली येसर आमटी खाल्ली असेल, तर मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. गहू, बाजरी, हरभरा डाळ, उडीद डाळ अशी धान्यं खमंग भाजायची, त्यात धणे, जिरे, लवंग, दालचिनी, सुकं खोबरं, मिरची भाजून घालायची आणि सगळं एकत्र दळायचं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराचंच बरोबर. पाण्यात कालवून उकळली की ही पूड आमटीला दाटपणा देते. खिम्यात तिचं काम थोडं वेगळं. भाजलेलं पीठ मांसातून सुटणारा रस धरून ठेवतं, मसाला आयताच मिळतो आणि खिमा थोडा जास्त माणसांना पुरतो. एका डब्यात तिन्ही कामं!

अडीच किलो खिम्याला दोन वाट्या येसर. ते कोरडं टाकायचं नाही. दोन वाट्या घट्ट दह्यात अर्धा तास भिजू द्यायचं. चार अंडी, मूठभर आलं-लसूण वाटण, बारीक चिरलेली कोथिंबीर, सोसतील तितक्या हिरव्या मिरच्या आणि चार मोठे कांदे. कांदा कच्चा घातला तर त्याचं पाणी सुटून गोळा भेगाळतो, म्हणून तो आधी गुलाबी परतून पूर्ण गार करायचा. मीठ दोन सपाट मोठे चमचे, येसरमध्ये आधीच असेल तर कमी. मिठाची गंमत अशी की खिमा मिठासोबत मळला की मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि त्यावरच गोळा जुळून येतो. पण भाकरीच्या पिठासारखं मळत बसाल तर रबर तयार! तीन-चार मिनिटं, हाताला चिकटायला लागलं की थांबा. एक छोटी टिक्की तव्यावर भाजून चाखायची आणि मगच बाकीचे वळायचे. शंभर गोळ्यांचं मीठ नंतर दुरुस्त होत नाही.

वळणं हे खरं गर्दीचं काम. टीव्हीपुढे ताटं घेऊन बसवा सगळ्यांना. आमच्याकडे हे खातं काका लोकांकडे आहे, आणि कुणाचा गोळा जास्त गोल यावर जी काही वादावादी होते ती ऐकण्यासारखी असते.

ओव्हनचं गणित

आधी एक खुलासा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, तिथे मांस शिजतं पण खरपूस होत नाही. ओटीजी हवा, नाहीतर कन्व्हेक्शन मोड असलेला मायक्रोवेव्ह. ओटीजीला मोठ्या पिनेचा सोळा अँपिअरचा सॉकेट लागतो आणि तो घरच्या इन्व्हर्टरवर ओढत नाही. तेव्हा गावाकडे करणार असाल, तर लाइट कधी जाते ते आधी विचारून ठेवा. हसू नका, मी विचारते!

ओव्हन २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं आधी तापवायचा. ट्रेवर जाळी, जाळीवर तेलाचा हात लावलेले गोळे, मधे बोटभर अंतर. खाली सुटणारी चरबी ट्रेमध्ये पडते, गोळे त्यात उकडत नाहीत. १५ ते १८ मिनिटं पुरतात. किचन थर्मामीटर असेल तर मधोमध ७१ अंश दिसले पाहिजेत, नसेल तर एक गोळा फोडून आत गुलाबी नाही ना ते बघायचं. तीस लिटरच्या ओटीजीत एका वेळी तीस-पस्तीस गोळे मावतात, म्हणजे तीन खेपा. मग तळण्याहून वेळ कुठे वाचला? नाहीच वाचला! पण तळताना तुम्ही कढईसमोर बांधलेले असता आणि इथे टायमर लावून गच्चीवर जाता येतं. शिवाय या तिन्ही खेपा दुपारीच उरकतात.

दुपारी भाजलेलं संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवायचं नाही, हे मात्र पक्कं. खिम्यात बाहेरचं मांस आणि आतलं मांस एकत्र होतं, त्यामुळे जंतूंची भानगड अखंड मटणापेक्षा इथे जास्त. कच्चा असो की भाजलेला, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर तासाभरातच.

सॉसला पाच मिनिटांची तयारी आणि वीस मिनिटांची उकळी. अमेरिकेत पार्टीच्या मीटबॉल्सवर चक्क द्राक्षाची जेली आणि चिली सॉस घालण्याची जुनी पद्धत आहे. ऐकायला विचित्र, पण हिशेब साधा आहे. गोड, आंबट, तिखट. आपल्याकडे गूळ आहे, चिंच आहे, काळा मसाला आहे. मग जेली कशाला? दोन कांदे आणि गड्डाभर लसूण बारीक चिरून परतायचा, त्यात दोन वाट्या टोमॅटो केचप, वाटीभर चिरलेला गूळ, अर्धी वाटी चिंचेचा कोळ, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर काळा मसाला आणि वाटीभर पाणी. चमच्याच्या पाठीला चिकटून राहील इतका आटवायचा. केचपमध्ये मीठ असतंच, म्हणून वरून घालण्याआधी चाखायचं.

हा सॉस कच्च्या गोळ्यांना लावून ओव्हनमध्ये ढकलू नका. मांस शिजेपर्यंत गूळ करपतो आणि कडू होतो. पाहुणे आले की भाजलेले गोळे दोन खोलगट ट्रेमध्ये भरायचे, वर सॉस ओतायचा, फॉइल लावून १८० अंशांवर वीस मिनिटं. गोळे आतपर्यंत कढत झाले की फॉइल काढायची, वरचा रॉड चालू करून पाच मिनिटं. बस, या पाच मिनिटांत समोर उभं राहायचं, कारण चकाकी आणि करप यांच्यात फारच थोडं अंतर असतं.

बार्बेक्यूचा धूर कुठून आणायचा? आजीकडून! ट्रेच्या मधोमध छोटी स्टीलची वाटी, वाटीत लालबुंद निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि झटकन झाकण. धुंगार. पाच मिनिटं पुरे. खिडक्या सताड उघड्या हव्यात आणि निखारा नंतर लगेच पाण्यात विझवायचा. बंद फ्लॅटमध्ये कोळसा ही मजा नाही, धोका आहे.

गर्दी पन्नासच्या वर असेल, तर ओटीजीचा नाद सोडा आणि गल्लीतल्या पाववाल्या बेकरीत विचारा. दिवाळीला, ईदला नानकटाईचे ट्रे भट्टीत भाजून आणण्याची पद्धत कित्येक गावांत आहेच. मटणाला सगळेच हो म्हणत नाहीत, पण विचारायला काय जातं? आणि शाकाहारी मंडळींसाठी उकडलेल्या काळ्या वाटाण्याचे किंवा सुरणाचे गोळे याच येसरमध्ये उत्तम होतात. अंडी वगळा, ट्रे वेगळा, चमचा वेगळा, आणि त्यांचा ट्रे आधी ओव्हनमध्ये.

पहिल्या वर्षी पंगतीत बसल्यावर आई तीनदा उठली. एकदा मीठ आणायला, एकदा पाणी, तिसऱ्यांदा तर उगाचच. ‘बसून काय करू गं मी?’ म्हणाली. काकूंनी हात धरून खाली बसवलं. यंदा दोघी सगळ्यात आधी पाट धरून बसल्या होत्या, आणि काकूंनी खरपूस गोळे निवडून निवडून आपल्या ताटात घेतले. काकांना त्यांनी सांगितलं, ‘पाव संपलेत, बघा जरा बेकरी उघडी आहे का.’ काका चपला घालून गेलेसुद्धा!

गोळे उरले तर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात. सकाळी पातळसर येसर आमटीला उकळी आली की त्यात सोडून दहा मिनिटं शिजू द्यायचे. त्या दिवशी मात्र भाकरी लागते. ती कोण थापणार, ते रात्रीच ठरवून ठेवा.