नित्याचे पाहणे

कविता करावी, निदान एखादे चांगले छायाचित्र घ्यावे, असे पुष्कळांना वाटते. पण स्फूर्ती कोठून आणावी, हा प्रश्न पुढे उभा राहतो. आमच्याकडे काश्मीरची सरोवरे नाहीत की समुद्रकिनारा नाही. आहे तो आठवड्याचा बाजार, एस. टी. चे स्थानक आणि शेताचा बांध, अशी ही तक्रार असते. तिला उत्तर द्यायला आम्ही जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपलीकडे जाणार नाही. या भूमीने ते उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

जुन्नरहून पश्चिमेस गेले की नाणेघाट लागतो. कोकणातील बंदरांचा माल या वाटेने देशावर चढत असे. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची मोजदाद त्यात केलेली आहे. हा झाला राजवैभवाचा हिशेब. परंतु त्याच सातवाहन कुळातील हाल राजाच्या नावावर परंपरेने आणखी एक ठेवा आपल्याला दिला आहे. तो म्हणजे माहाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा संग्रह, गाथासप्तशती. त्यातील काही गाथा मागाहून आलेल्या असतील. पण संग्रहाचा स्वभाव एकच आहे. नाव राजाचे, आणि आत मात्र शेतकरी, वाटसरू, पारध्याची बायको, पावसाचे ढग आणि पिकलेली शेते!

त्यातल्या एका गाथेत पाणपोईवरचा प्रसंग आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे, पण त्याचे डोळे पाणी घालणाऱ्या तरुणीकडे लागले आहेत. हे पिणे लवकर संपू नये म्हणून तो बोटे फाकवून पाणी गळू देतो. तिच्याही मनात तेच असावे. ती धार बारीक बारीक करीत जाते. गाथा येथेच संपते. प्रेम हा शब्द उच्चारण्याची गरज कवीला वाटलेली नाही.

येथे कवीने केले काय? त्याने निवड केली. पाणपोईवर माठ होते, झाड होते, आणखी माणसेही असतील. ते सारे सोडून त्याने फाकलेली बोटे आणि बारीक होणारी धार एवढेच ठेवले. छायाचित्रकाराचे काम याहून वेगळे नाही. चौकटीत काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे, हे ज्याला कळले त्याला निम्मी विद्या आली.

उरलेली निम्मी प्रकाशाची आहे. १८३९ साली दागेरची पद्धत पॅरिसमध्ये जगापुढे आली. तेव्हापासून साधने किती बदलली! आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. परंतु प्रकाशाचा नियम तोच राहिला आहे. भर दुपारी शिवनेरीचा कडा सपाट, निर्जीव दिसतो. सकाळी किंवा कलत्या उन्हात त्याच्या प्रत्येक कपारीत सावली भरते आणि दगडाला खोली येते. झिजलेला शिलालेख वाचणारे हीच युक्ती वापरतात. दिवा समोरून धरला तर अक्षरे पुसल्यासारखी होतात. बाजूने धरला की खोबणीत सावली धरते आणि अक्षर उठून दिसते. शब्दांचेही तसेच आहे. ‘रम्य’, ‘मनोहर’ अशी विशेषणे म्हणजे समोरून धरलेला दिवा. बाजारातून परतणाऱ्या म्हातारीने रिकाम्या पाटीत चप्पल ठेवून चिखल तुडवला, एवढे सांगितले की पाऊस आणि दारिद्र्य दोन्ही आपोआप दिसू लागतात.

मंचरच्या शेळके घराण्यातील शान्ताबाईंनी (१९२२–२००२) जपानी हायकू मराठीत आणले, ‘पाण्यावरच्या पाकळ्या’ या नावाने. शिरीष पै यांनी तर हा प्रकार मराठीत रुजवला. तीन ओळींत एकच क्षण पकडणारे हे काव्य छायाचित्राचे सख्खे भावंडच म्हणावे लागेल.

पण हा सगळा केवळ हौसेचा मामला आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथला पार, तेथली वेस ही कोणा एकेकाळी इतकी नित्याची होती की तिच्याकडे मुद्दाम पाहावे असे कोणास वाटले नसेल. त्याच तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी पहाटे डोंगर खचला आणि माळीण गाव गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे गेली. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम ध्यानात आले ते त्या रस्त्याने जाणाऱ्या एस. टी. च्या चालकाच्या. ज्याने ती घरे रोज पाहिली होती, त्यालाच त्यांचे नसणे दिसले. पाहणे म्हणजे काय, याचा इतका कठोर धडा दुसरा नसेल.

म्हणूनच पावसाळ्यात भीमाशंकरकडे निघालेल्या रसिकांना आमचे एक सांगणे आहे. धबधबा जरूर टिपावा. पण त्याच डोंगरात हिरडा गोळा करून संसार चालवणारी महादेव कोळी कुटुंबे राहतात, ती आपल्या चित्राची शोभा नव्हेत. त्यांना विचारावे, त्यांच्याशी बोलावे, हा ढग त्यांना काय सांगतो ते ऐकावे. आपल्याला जो देखावा वाटतो, तो त्यांचा पेरणीचा हिशेब असतो आणि कधी धास्तीही.

आरंभ अगदी साधा करावा. आपल्या वाटेवरचे एक ठिकाण निवडावे; कुकडीचा घाट, नारायणगावच्या बाजाराचा कोपरा, घरामागचा आंबा, काहीही चालेल. महिन्यातून एकदा, एकाच जागी उभे राहून, एकाच वेळी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि खाली, मागच्या वेळी नव्हते असे काय दिसले, ते दोन ओळींत लिहावे. वर्षअखेर बारा चित्रे आणि चोवीस ओळी जमतील. त्यांतून कविता होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. मात्र ती जागा पुन्हा आपल्याला नित्याची वाटणार नाही, आणि उद्या ती नाहीशी झालीच, तर ती कशी होती हे सांगणारे गावात कोणीतरी असेल.