आईचा छंद कोणता?

महाविद्यालयात भरावयाच्या परिचयपत्रकात 'छंद' नावाचा एक रकाना असतो. आपण त्यात वाचन, क्रिकेट, संगीत असे काहीबाही लिहून मोकळे होतो. हाच रकाना साठीच्या घरात गेलेल्या आपल्या आईपुढे ठेवला तर बहुतेक घरी तो कोराच राहील. छंद हा कामाहून निराळा असावा आणि व्यायामाला वेगळी वेळ व वेगळे कपडे लागावेत, अशी आपली समजूत झालेली आहे. परंतु आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाईच्या परिसरात, एका बाईने काम, छंद आणि व्यायाम या तिन्हींतली भिंत जवळजवळ पाडून टाकली आहे.

राहीबाई सोमा पोपेरे यांचे नाव वाचकांना ठाऊक असेलच. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी १९६४ साली त्यांचा जन्म झाला. महादेव कोळी समाजातील या बाईंना शाळेची पायरी चढायला मिळाली नाही. पावसाळी शेती आटोपली की उरलेले दिवस मजुरीवर काढावयाचे, असे पूर्वीचे जिणे. नातू आजारी पडला, तेव्हा फवारलेल्या भाजीपाल्याविषयी त्यांच्या मनात शंका आली आणि घरच्या जुन्या वाणांकडे त्या अधिक निष्ठेने वळल्या, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. वाल, घेवडा, भात, पालेभाज्या, वेलवर्गीय भाज्या अशा कितीतरी पिकांचे गावठी बी त्यांनी जमवले. पुढे बाएफ या संस्थेचे साहाय्य मिळाले आणि घरातल्या मडक्यांची बीजबँक झाली. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री त्यांनी २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते स्वीकारली. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात.

पुरस्कारांचे एवढे पुरे. मला कुतूहल वाटते ते या कामाच्या रोजच्या स्वरूपाचे, कारण ते अकोल्यातल्या कितीतरी घरी, कोणत्याही पुरस्काराविना, चालत आलेले आहे.

बी राखणे म्हणजे उरलेले दाणे डब्यात भरणे नव्हे. परसात वेल चढला की त्यावरचा एखादा सुडौल, कीड न लागलेला दुधी हेरावा लागतो आणि त्याला चिंधी बांधून 'हा तोडायचा नाही' असे घरादाराला बजावून ठेवावे लागते. तो वेलावरच वाळतो, हलवला की आतले बी खुळखुळते, मग त्याची वेळ झाली असे समजायचे. वालाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून त्याचे वाण सहसा शुद्ध राहते. दुधी, काकडी, दोडका यांचे तसे नाही. तिथे मधमाशी इकडचा पराग तिकडे नेते, तेव्हा दोन वाण जवळजवळ लावून चालत नाही. दुकानातल्या संकरित बियाण्याचे दाणे पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत मूळचे गुण विस्कटतात, म्हणून ते दरसाल विकत आणावे लागते. आजीचा वाल मात्र आजीच्या मडक्यातूनच पुन्हा निघतो.

मडक्यात राख का घालतात, याचेही शास्त्र आहे. चुलीची चाळलेली, थंड राख दाण्यांतला ओलावा शोषते. शिवाय किड्याच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. राखेच्या बारीक कणांनी तो खरवडला जातो आणि किडा कोरडा पडून मरतो. चुलीवर टांगलेल्या कणसांना धूर लागतो तोही याच कामी येतो. आमच्याकडे वालाचे बी अद्याप राखेतच असते. मुंबईचा पाहुणा मडके रिकामे समजून हात घालतो आणि कोपरापर्यंत पांढरा होऊन बाहेर येतो, हा आमच्या घरचा दरसालचा विनोद आहे.

आता शरीराकडे पाहू. तिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. तिला विश्रांतीची जोड मिळाली की काय होते, हे २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर तेवढ्यात त्यांच्या पायांचे स्नायू सुमारे एक किलोने घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तोल व ताकद वाढवणारी कामे तीन दिवस तरी असावीत असे सुचवले. या हालचालीत घरकामही धरलेले आहे. वाफ्यापर्यंत चालणे, खाली बसून तण काढणे, पुन्हा उठणे, सूप दोन्ही हातांनी तोलून पाखडणे, या साऱ्याचा हिशोब केला तर परसातली बाई ही मर्यादा सहज ओलांडत असेल. बी निवडताना डोळे आणि बोटे दोन्ही जागी राहतात, ते वेगळेच.

परंतु येथे एक फसवी जागा आहे. घरकाम हाच व्यायाम असे एकदा ठरवले की बाईच्या पाठीवरचे ओझे तसेच ठेवायला आपल्याला छान निमित्त मिळते! २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे त्यात घालवतात असे आढळले. या २९९ मिनिटांना छंद म्हणणे ही थट्टा होईल. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांड्याचे वजन सोडून पंधरा किलो. ते डोक्यावर घेऊन उन्हाळ्यात चढ चढणे हा व्यायाम नव्हे. धुराच्या चुलीपुढे तासन् तास बसणे फुप्फुसाला घातक आहे, आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून काम करणाऱ्या गुडघ्यांची झीज अधिक होते. अकोल्यात मुसळधार पाऊस पडतो, पण डोंगरउतारावरून तो वाहून जातो आणि वैशाखात त्याच गावांत पाण्यासाठी पायपीट होते, हे तिकडच्या विद्यार्थिमित्रांना सांगायला नको.

म्हणून प्रश्न 'आईने काम करावे की बसावे' असा नाही. कोणते काम काढून घ्यायचे आणि कोणते तिच्याकडेच ठेवायचे, हा आहे. मुले नोकरीला लागली की बहुधा उलटे करतात. "आता तू बस" म्हणून परसबाग बंद होते, कारण तिथे गाडी लावायची असते, आणि पाणी भरणे, दळण, नातवंडांची उठबस तशीच तिच्याकडे राहते. तिने स्वतः निवडलेले, जिथे तिचे मत चालते, चार जण तिला विचारायला येतात असे काम तेवढे जाते. परसबागेला कोणी मुकादम नसतो, पण हंडा आणि दळण वेळेचे गुलाम असतात.

वडिलांचे थोडे निराळे. अंबाडीचा दोर वळणे, गुरांना पाणी दाखवणे, पारावर चार घटका बसणे, एवढ्यात त्यांचा दिवस जातो, आणि त्यांना "बसा" म्हणायचे कोणाला सहसा सुचत नाही. ते आधीच बसलेले असतात, असे आमच्या शेजारच्या एका आजी म्हणतात.

नळ दारात आणता येतो, गॅस आणता येतो, वाफे कमरेइतके उंच बांधता येतात, तण काढायला बसायला पाट किंवा ठेंगणे स्टूल देता येते, म्हणजे गुडघे वाचतात आणि वेलही राहतो. बियांच्या पुड्यांवर वाणाचे नाव आणि साल लिहिणे हे तर आपले काम. बहुतेक आयांना प्रत्येक बी नुसते पाहून ओळखता येते, आपल्याला येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा वेलावर चिंधी बांधलेला दुधी दिसला, तर तो तोडू नका. कोणत्या वेलाचा, किती वर्षांपासूनचा, कोणाच्या माहेरून आलेला, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या.