गावठी कुत्रा घरी आणताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टाटा समूहाचं मुख्यालय असलेल्या मुंबईच्या बॉम्बे हाऊसमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी हक्काची खोली आहे. 2018 मध्ये इमारतीचं नूतनीकरण झालं, तेव्हा ती मुद्दाम बांधून घेतली. तिथलाच 'गोवा' नावाचा कुत्रा ऑक्टोबर 2024 मध्ये रतन टाटांच्या अंत्यदर्शनाला आणला होता. गोव्याहून आलेला, म्हणून त्याचं नाव गोवा. त्याला पाहून कितीतरी घरांत डोळे पुसले गेले. त्याच घरांत कुत्रा आणायचा विषय निघाला की मात्र चौकशी लॅब्राडोरच्या पिल्लाची होते. गावठी कुत्र्याबद्दलचं प्रेम उंबरठ्यापाशी अडतं आणि अडवणारे असतात ते वर्षानुवर्षं ऐकत आलेले समज.

'गावठी कुत्र्याला मोकळंच आवडतं, घरात कोंडला तर तो सुखी होणार नाही'

यात थोडं तथ्य आहे, म्हणून हा समज आधी घेतला. गल्लीत रुळलेला, नसबंदी आणि लसीकरण झालेला, चार घरांतून पोटभर खाणारा चार-पाच वर्षांचा कुत्रा असेल, तर त्याला उचलून तिसऱ्या मजल्यावर आणणं हे प्रत्येक वेळी त्याच्या भल्याचं नसतं. पण शेल्टरमधले सगळे कुत्रे असे नसतात. गाडीखाली सापडून तीन पायांवर आलेला, आई गेलेली पिल्लं, मालकाने हायवेवर सोडून दिलेला पाळीव कुत्रा, गल्लीतल्या टोळीने हुसकावलेली म्हातारी कुत्री, यांना परत जायला जागाच नसते. माणसाच्या सहवासासाठी आसुसलेला कुत्रा ओळखूही येतो: पिंजऱ्याशी गेलात की तो जाळीला अंग घासत उभा राहतो. अशा कुत्र्याला घर हवं आहे की नाही, हा प्रश्न उरत नाही.

'रस्त्यावरचा कुत्रा म्हणजे रोगाचं घर, कधीही पिसाळेल'

रेबीज हा विषाणूने होणारा आजार आहे. तो मुख्यतः बाधित जनावराच्या चाव्यातून, लाळेतून पसरतो. जात, रंग, ऊन किंवा राग यांमुळे कुत्रा पिसाळत नाही. लस न दिलेल्या महागड्या कुत्र्याला तो होऊ शकतो आणि लस दिलेला गावठी कुत्रा त्यापासून सुरक्षित असतो. याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या शेजारी आहे. गोव्यात 2014 पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी गावोगाव फिरून, जाळ्यांनी पकडून कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. सलग तीन वर्षं रेबीजने एकही माणूस न दगावल्यावर 2021 मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्रे होते तिथेच राहिले, आजार आटोक्यात आला.

तरीही एक काळजी घ्यायला हवी. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यामुळे ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही असा कुत्रा घरी आणताना घरातल्यांनी आधीच प्रतिबंधक लस घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. चावा किंवा ओरखडा लागला तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जखमेवर हळद, मिरची, चुना काहीही लावायचं नाही. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीतीही आता सोडून द्या. हल्ली लस दंडावर देतात आणि डोस मोजकेच असतात. मात्र एकदा लक्षणं सुरू झाली की या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून 'बघू उद्या' हे शब्द इथे चालत नाहीत.

बाकी खरूज, जंत, गोचिडांमुळे येणारा ताप हे शेल्टरमधल्या कुत्र्यांत नेहमी आढळतं आणि वेळेवर उपचार केले तर बहुतेक वेळा बरं होतं. गोचिडतापासाठी रक्ततपासणी करायला पशुवैद्यांना आवर्जून सांगा.

'जातिवंत कुत्रा जास्त तब्येतीचा आणि हुशार'

हजारो वर्षं माणसाच्या वस्तीच्या कडेने जगलेला आपला गावठी कुत्रा निसर्गाने निवडून निवडून घडवला आहे. आखूड केस, बेताचं वजन, आपल्या उन्हापावसाला सरावलेलं अंग. याउलट पगच्या चपट्या नाकामुळे त्याला श्वास घेणं जड जातं आणि जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर यांच्या खुब्याचे आनुवंशिक आजार पशुवैद्यांना रोजचे आहेत. हुशारीबद्दल बोलायचं तर उत्तराखंड पोलिसांनी 'ठेंगा' नावाच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला शिकवून श्वानपथकात घेतलं होतं.

'मोठा कुत्रा माणसाळत नाही, आणायचं तर पिल्लूच'

सगळ्या समजांत हा सर्वांत जास्त नुकसान करतो. कारण यामुळे पिल्लं चार दिवसांत घरी जातात आणि मोठे कुत्रे वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहतात. पिल्लाच्या तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात माणसं, आवाज, इतर प्राणी यांची ओळख झाली तर पुढचं सोपं जातं, हे खरंच आहे. पण त्या वयानंतर शिकणं थांबतं, असं मात्र मुळीच नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव, आकार, सवयी तुमच्या डोळ्यांसमोर असतात. पिल्लाच्या बाबतीत सगळाच अंदाज. नोकरी करणाऱ्या जोडप्याला किंवा निवृत्त आजी-आजोबांना दर दोन-तीन तासांनी शी-शूला न्यावं लागणाऱ्या पिल्लापेक्षा तीन वर्षांचा शांत कुत्रा पुष्कळ सोयीचा.

दत्तक फसतं ते बहुतेक वेळा घाईमुळे. रेस्क्यूचं काम करणारे एक ढोबळ हिशोब सांगतात: बिचकणं कमी व्हायला तीन दिवस, घरचा दिनक्रम कळायला तीन आठवडे, हे घर आपलं आहे असं वाटायला तीन महिने. मार खाल्लेल्या कुत्र्याला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि आपण काय करतो? पहिल्याच संध्याकाळी अंघोळ घालतो, सगळ्या बिल्डिंगला बोलावतो, मुलं गळ्यात पडतात, फोटो निघतात. कुत्र्याच्या दृष्टीने हा हल्ला असतो.

पहिले काही दिवस त्याला एक कोपरा द्या, जिथे कुणीही जाणार नाही. पलंगाखाली बसला तर बसू द्या, ओढून काढू नका. खाणं रोज एकाच वेळी, फिरणं त्याच रस्त्याने. तो जवळ आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या आणि हात मागे घ्या. झाडू, हेल्मेट, काठी पाहून तो अंग चोरत असेल तर त्याच्यासोबत काय झालं असेल हे कळतं. अशा वस्तू लांबूनच, खाऊ देत देत ओळखीच्या करायच्या. शेपूट पायांत, कान मागे, वारंवार जांभया, जीभ ओठांवरून फिरवणं या भीतीच्या खुणा. गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. जेवताना त्याच्या ताटलीत हात घालून 'कोण मालक' हे दाखवू नये.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. नव्या घरातून पहिल्या काही आठवड्यांत कुत्रे पळून जातात. बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि अंगातला हार्नेस, दोन्हींना दोर लावा. गळ्यात फोन नंबरचं लेबल हवंच. दिवाळीच्या आठवड्यात फटाके सुरू व्हायच्या आत फिरवून आणा, मग दारं-खिडक्या बंद.

'मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत'

याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा धोका राहतो. आधीच घर नसलेल्या पिल्लांत आणखी पाच-सहांची भर घालणं हा मादीवरचा उपकार नव्हे.

'घरात बाळ येणार, आता कुत्रा नको'

गरोदरपणात ज्या टॉक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते, त्याचा मूळ आश्रयदाता मांजर आहे, कुत्रा नव्हे. लस आणि जंतांचं औषध वेळेवर द्या, आणि बाळ व कुत्रा यांना कधीही एकटं सोडू नका, कुत्रा कितीही गुणी असला तरी. मात्र बाळ येणार म्हणून कुत्रा दूर नेऊन सोडणं हा गुन्हा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये तसं स्पष्ट आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा 10 ते 50 रुपये, हे त्या कायद्याचं दुखणं.

'सोसायटी परवानगी देणार नाही'

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची याबाबत मार्गदर्शक तत्त्वं आहेत: सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी सोसायटी प्राणी पाळण्यावर बंदी घालू शकत नाही. शेजाऱ्यांना त्रास होणार नाही हे पाहणं, शी उचलणं, लस आणि महापालिकेचा परवाना ही मात्र आपली जबाबदारी. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाची परवानगी आधी करारात लेखी घ्या.

22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात आदेश देताना दत्तकाचाही उल्लेख केला: ज्यांना कुत्रा दत्तक हवा त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, आणि तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहणं अर्जदाराचं काम. यातलं दुसरं वाक्य घरातल्या प्रत्येकाने दत्तकाआधी एकत्र बसून वाचावं. कुत्रा दहा ते पंधरा वर्षं जगतो. मुलाचं शिक्षण, बदली, परदेशी नोकरी, आईवडिलांचं आजारपण हे सगळं त्या वर्षांत येणार आहे. त्या वेळी त्याला कोण सांभाळणार, हे आजच ठरवा. ठरत नसेल तर दत्तक घेऊ नका. त्याऐवजी महिनाभरासाठी फोस्टर व्हा, म्हणजे कुत्र्याचा तात्पुरता सांभाळ करा. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एखाद्या कुत्र्याला तेवढाच निवारा पुरतो.

आणि ठरत असेल तर जवळच्या शेल्टरमध्ये जा. तिथे पिल्लांच्या खोलीकडे वळण्याआधी विचारा, 'सर्वांत जास्त दिवस इथे कोण आहे?' त्या कुत्र्यापाशी अर्धा तास नुसते बसा. पुढच्या रविवारी पुन्हा जा.