ऑक्टोबरची छाटणी आणि वाइनमधली थंडी

मुळशी तालुक्यातलं कासारसाई आणि दिंडोरीतला द्राक्षपट्टा यांच्या उंचीत फारसा फरक नाही. दोन्ही सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर. पौषातली पहाट दोन्हीकडे बोचरी असते. तरीही कासारसाईचं नाव काढलं की धरण आणि संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आठवतो, आणि दिंडोरीचं काढलं की द्राक्षं आणि वाइन. वाइन थंडीमुळे चांगली होते, एवढंच उत्तर असतं तर हा फरक पडायला नको होता. आपल्याकडच्या वाइनमध्ये जी थंडी उतरते ती जागेपेक्षा वेळापत्रकातून येते, आणि ते वेळापत्रक शेतकरी कात्रीने ठरवतो. हे नीट कळलं तर महाराष्ट्राच्या वाइनकडून काय मागावं आणि काय मागू नये, हेही कळेल.

थंड हवामानाची वाइन म्हणजे जर्मनीतलं मोझेल, फ्रान्समधलं शांपेन किंवा न्यूझीलंडमधलं मार्लबरो अशा ठिकाणची. जाणकारांची एक सर्वमान्य मोजपट्टी अशी: वेलीच्या वाढीच्या हंगामाचं सरासरी तापमान १३ ते १५ अंश सेल्सिअस असेल तर प्रदेश थंड, १९च्या वर गेलं तर उष्ण. थंड प्रदेशात द्राक्षात साखर हळू चढते आणि आंबटपणा टिकून राहतो. त्यामुळे वाइन हलकी, तरतरीत आणि सुवासिक होते. यामागचं कारण साधं आहे. मण्यातलं मॅलिक आम्ल वेल श्वसनात खर्च करते, आणि ऊन वाढेल तसा हा खर्च वाढतो. रात्री पारा उतरला की वेलीचा श्वास मंदावतो आणि आम्ल शिल्लक राहतं. रिस्लिंग, शार्डने, पिनो न्वार आणि सोविन्यों ब्लां या वाणांची ख्याती याच शिलकीवर उभी आहे.

नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे आणि वाइनचे जुने प्रदेश तीस ते पन्नासच्या पट्ट्यात. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते, वसंतात फुटते आणि शरदात फळ देते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. मोकळी सोडली तर वर्षभर वाढत राहील. म्हणून महाराष्ट्राच्या बागायतदाराने वर्षात दोन छाटण्या आणि एक पीक अशी रीत बसवली. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी. त्याच काडीत पुढच्या घडांची निर्मिती होते. पावसाळ्यात वेल फक्त पानं वागवते. मग पाऊस ओसरला की गोडी छाटणी, म्हणजे ऑक्टोबरची. काडी मोजक्या डोळ्यांवर कापायची आणि झोप न मिळालेले डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करायचं. हातमोजे घातलेले मजूर ओळीओळीने एकेका डोळ्याला हे औषध लावत जातात. काही दिवसांत डोळे फुगतात आणि पोंगा दिसतो. नोव्हेंबरात फुलोरा येतो, डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात मणी फुगतात आणि पुढे त्यांत पाणी उतरतं. युरोपातला शेतकरी उघड्या वेलींची छाटणी करत असतो तेव्हा इकडे तोडणी सुरू होते. आपल्याकडच्या सगळ्या ऋतूंतून फळासाठी हिवाळा निवडण्याचं श्रेय या छाटणीला जातं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो मान्य करायला हवा. नाशिकला जानेवारीत पहाटे दहा अंश असलं तरी दुपारी अठ्ठावीस असतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारीची सरासरी काढली तर ती विशीच्या पुढे जाते, म्हणजे त्या मोजपट्टीवर नाशिक उष्णच ठरतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीच्या लाटेत पारा दोन-तीन अंशांवर आल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात, पण तेवढ्यावरून नाशिकचं मोझेल होत नाही. तरीही सरासरी इथे अर्धंच सांगते. दिवसाची उष्णता साखर बनवते, रात्रीचा गारठा आम्ल राखतो, आणि या दोन्हींतली अठरा अंशांची दरी सरासरीत बुजून जाते. शिवाय एक महत्त्वाचा फरक त्यात दिसतच नाही. शांपेनमध्ये फळ पिकत जातं तशी हवा थंड होत जाते. तिथे आठवडाभर थांबणं परवडतं. नाशिकला उलट होतं. जानेवारीनंतर पारा चढू लागतो आणि मार्चमध्ये दुपार पस्तिशीला टेकते. इथे लांबलेला प्रत्येक आठवडा आंबटपणा खातो. म्हणून तोडणी रात्री किंवा भल्या पहाटे होते, आणि ऊन तापण्याआधी क्रेट वाइनरीत पोचवले जातात. मणी चिरडून थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतला की साखर किती ते लगेच कळतं. खरा निर्णय आम्ल किती उरलंय यावर व्हायला हवा.

इथली वाइन कशी घडत गेली ते पाहिलं तरी हेच दिसतं. पुणे जिल्ह्यातच नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात इंडेजची उभारणी केली, तेव्हा नाव झालं ते 'ओमर खय्याम' या फेसाळ वाइनचं. राजीव सामंत यांच्या सुला कंपनीने गंगापूर धरणाजवळ सुरुवात केली ती सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लांने, आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. मोएट हेनेसीने शांदों या फेसाळ वाइनसाठी दिंडोरी निवडली. फेसाळ वाइनला कमी साखरेची आणि जास्त आम्लाची द्राक्षं लागतात, ती लवकर तोडायची असतात, आणि लवकर तोडायचं तर हिवाळा आपल्या बाजूने असतो. लाल वाइनला साल आणि बी पिकायला थांबावं लागतं, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी जावं लागतं. नाशिकला चांगल्या शिराझ होतात आणि अकलूजच्या फ्रातेलीने सांजोवेझे रुजवून दाखवली आहे. पण माझ्या मते या मातीचं बलस्थान पांढरी आणि फेसाळ वाइनच आहे. जड, गडद लाल वाइनच्या हव्यासापोटी ते दुर्लक्षिलं जाऊ नये.

मग कासारसाईचं काय? कोणी म्हणेल, तिथे घाटमाथ्याचा पाऊस पडतो. पण इगतपुरी तालुक्यातही धो धो पाऊस पडतो, आणि त्याच तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झांपाची वाइनरी आहे. एकूण पाऊस किती यापेक्षा तो कधी थांबतो हे मोलाचं. गोडी छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की कोवळ्या फुटीवर डाउनी (केवडा) रोग येतो, आणि ढगाळ दमट हवेत भुरी. पाण्याचा निचरा होणारी उताराची जमीन आणि ऑक्टोबरात उघडलेलं आभाळ मिळालं तर मुळशीच्या हवेत वेलीला अडवणारं फारसं काही नाही. अडचण दुसरीच आहे. वेल लावल्यावर भरवशाचं पीक यायला तीन वर्षं जातात आणि बाग पंधरा-वीस वर्षं राखावी लागते. हिंजवडीच्या आयटी पार्कपासून हाकेच्या अंतरावर गुंठ्याचा भाव रोज डोळ्यांसमोर असताना एवढी मुदत कोण देईल? उसाला जवळ कारखाना आहे, आंबेमोहोराला गिऱ्हाईक आहे. नाशिकला द्राक्ष टिकलं त्यामागे हवेइतकीच खाण्याच्या द्राक्षांची पिढ्यानपिढ्यांची जाण आहे. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने त्या जाणकारीला करसवलतीची जोड दिली. विंचूरचं वाइन पार्क उभं राहिलं तेही याच काळात.

दुसरा आक्षेप हवामान बदलाचा. नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस आणि फेब्रुवारीतली गारपीट आता नवलाची राहिलेली नाही, आणि वेळापत्रकावर बेतलेली थंडी वेळापत्रक बिघडलं की निसटते. याला तोड म्हणून छाटणी पुढेमागे करता येते, लवकर पिकणारे वाण निवडता येतात. अक्षांशाला बांधलेल्या युरोपातल्या बागेला इतकी मोकळीक नाही. पण त्यासाठी कोणत्या तारखेची छाटणी काय देते याची नोंद वर्षानुवर्षं ठेवावी लागेल. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्याच्या मदतीने वाइनरींनी हे काम एकत्र करावं. आणि एक छोटी गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे: बाटलीवर वर्षाच्या जोडीला तोडणीचा महिनाही छापावा. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते फक्त जागा सांगतं. जानेवारीत तोडलेली सोविन्यों ब्लां आणि मार्चमध्ये तोडलेली, या एकाच गावच्या दोन वेगळ्या वाइन आहेत, आणि पैसे मोजणाऱ्याला हे आधी कळायला हवं.