व्हायोलिनचे ध्वनिमुद्रण

व्हायोलिनचे ध्वनिमुद्रण म्हणजे व्हायोलिनचा नाद मायक्रोफोनद्वारे टिपून साठविण्याची प्रक्रिया होय. मायक्रोफोनची निवड, त्याची जागा आणि खोलीचे गुणधर्म यांवर तिची गुणवत्ता अवलंबून असते. यांपैकी जागेचा परिणाम सर्वाधिक जाणवतो. ती ठरवताना वादकाची बैठक लक्षात घ्यावी लागते.

इतिहास

सुमारे १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण यांत्रिक पद्धतीने, कर्ण्यासमोर वाजवून होत असे. व्हायोलिनचा आवाज त्यासाठी अपुरा पडे. म्हणून लंडनमधील जॉन स्ट्रोह यांनी लाकडी पेटीऐवजी पडदा व धातूचा कर्णा असलेले व्हायोलिन तयार केले आणि १८९९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. विद्युत ध्वनिमुद्रणामुळे अशा वाद्याची गरज उरली नाही. महाराष्ट्रात गीतरामायणाच्या कार्यक्रमांत साथ करणारे प्रभाकर जोग 'गाणारे व्हायोलिन' या ध्वनिमुद्रिकांमुळे प्रसिद्ध झाले. डी. के. दातार यांनी गायकी अंगाचे वादन रुजविले. अशा वादनात मींड आणि स्वरांची आस स्पष्ट टिपली जाणे आवश्यक असते.

नादाची दिशा

व्हायोलिनचे मंद्र स्वर सर्व दिशांना जवळपास सारखे पसरतात. सुमारे १,००० हर्ट्झच्या वरचे घटक मात्र मुख्यतः वरच्या पाटीच्या समोर जातात आणि दिशेनुसार बदलतात. त्यामुळे मायक्रोफोन थोडा हलवला तरी नाद बदलतो. घोडीच्या फार जवळ ठेवल्यास गजाची खरखर वाढते आणि एफ आकाराच्या छिद्राजवळ ठेवल्यास नाद घुमतो.

मायक्रोफोनचे प्रकार

कंडेन्सर मायक्रोफोन बारीक तपशील टिपतो. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. रिबन मायक्रोफोन तार स्वरांची धार सौम्य करतो, पण तो नाजूक असतो. डायनॅमिक मायक्रोफोन दणकट असला तरी सूक्ष्म तपशील कमी टिपतो. एकाच दिशेने ऐकणारा मायक्रोफोन फार जवळ आणल्यास खालचे स्वर अवास्तव जड होतात. वसईसारख्या दमट किनारी भागात कंडेन्सर मायक्रोफोन कोरड्या पेटीत ठेवणे हिताचे असते.

मायक्रोफोनची जागा

उभ्याने वाजवणाऱ्या वादकाच्या वाद्याची पाटी वरच्या बाजूला असते. म्हणून मायक्रोफोन वाद्याच्या वर, अर्धा ते एक मीटर अंतरावर, पाटीकडे वळवून लावतात. मांडी घालून बसणारे बहुतेक भारतीय वादक वाद्याचा शिरोभाग उजव्या पावलावर टेकवतात. त्यामुळे पाटी समोरच्या बाजूस येते. अशा वेळी डोक्यावरचा मायक्रोफोन नादाच्या मुख्य दिशेबाहेर राहतो. तो समोर, साधारण अर्धा मीटर अंतरावर, घोडीकडे वळवून लावल्यास स्वर अधिक नैसर्गिक येतो. गज मायक्रोफोनला लागणार नाही, हेही पाहावे लागते.

खोली आणि साथ

उघड्या फरशीवरून परतणारा ध्वनी थेट ध्वनीत मिसळून काही स्वर क्षीण करतो. सतरंजी किंवा गालिचा अंथरल्यास हा दोष कमी होतो. तबल्यासाठी वेगळा मायक्रोफोन असल्यास दोन मायक्रोफोनमधील अंतर प्रत्येकाच्या आपल्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवण्याचा संकेत आहे. अंतिम जागा ठरविण्यापूर्वी एकच आलाप दोन-तीन ठिकाणांहून मुद्रित करून हेडफोनवर ताडून पाहिल्यास योग्य जागा निश्चित करता येते.